वीतभर पाणी

सगळा घोळ एका वितीचा होता. पंजा ताणला की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत भरते तेवढी वीत. कापडात ती कमी पडली तर शिवणारी दुसरा तुकडा जोडते, दारात कमी पडली तर सुतार पट्टी ठोकतो. पण पाण्यात ती एक वीत कुठून आली आणि कुणाची, हे कळायला दोन वर्षं लागली. आणि कळलं तेव्हा ज्याला ते सांगायला हवं होतं तो माणूस उरला नव्हता.

ठकीचं काम उजेडाने पाणी मोजण्याचं. ठकी हे घरातलं नाव. जन्मली तेव्हा लाकडी बाहुलीसारखा गोल चेहरा होता म्हणून आप्पांनी ठेवलं. पुढे पोरगी विद्यापीठात शिकली, नावाआधी डॉक्टर लागलं, कानशिलावर पांढरे केस आले, तरी ठकी काही सुटली नाही. आई कधी ‘डॉक्टर ठकी’ अशी हाक मारायची, तेव्हा समजावं की जेवायला उशीर झालाय.

खोल पाणी मोजणं सोपं आणि उथळ पाणी मोजणं अवघड, असं तिचे सर वर्गात म्हणत तेव्हा नवीन मुलं हसत. सर हसू देत आणि मग समजावत. यंत्र वरून हिरव्या लेसरचा झोत सोडतं. त्यातला थोडा उजेड पाण्याच्या पाठीवरूनच परत फिरतो, थोडा आत शिरतो, तळाला शिवतो आणि मागून येतो. दोघांच्या येण्यात किती वेळ गेला ते मोजलं की खोली कळली. पाणी खोल असेल तर पहिला पाहुणा येतो, चपला काढून बसतो, पाणी पितो, मग दुसरा येतो. पण कमरेएवढ्या पाण्यात दोघे दारातच एकमेकांवर आदळतात आणि यंत्राला वाटतं, एकच आला. बोटी मात्र नेमक्या असल्याच पाण्यात रुततात.

सरांनी त्यावर जी तोड काढली तिला चौदा वर्षं लागली, पण सांगायला दोन मिनिटं पुरत. केस विंचरावेत तसा उजेड एका दिशेने विंचरून सोडायचा. पाण्याच्या पाठीवरून परतलेला उजेड विंचरलेलाच येतो. तळाच्या वाळूला शिवून आलेला विस्कटून येतो. यंत्राला दोन डोळे द्यायचे. एकाला फक्त विंचरलेला दिसावा, दुसऱ्याला फक्त विस्कटलेला. मग दोघे कितीही खेटून आले तरी ओळखू येतात.

हे सांगताना सर झिपऱ्याच्या डोक्याकडे बोट दाखवत. झिपऱ्या म्हणजे त्यांचा इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. चाळिशीकडे झुकलेला, पण केसांना अजून कंगव्याची ओळख नव्हती.

“हा बघा. हा तळाला जाऊन आलाय.”

“सर, मी अजून वर आलेलोच नाही,” झिपऱ्या म्हणे, आणि सर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसत.

प्रयोगशाळेत ते यंत्र कपाटाएवढं होतं. ते टेबलावर शोभेल, पाण्यावर नाही. म्हणून सर, ठकी आणि झिपऱ्या अशा तिघांनी मिळून एक छोटी कंपनी काढली. विद्यापीठाने मागच्या अंगाला दोन खोल्या दिल्या, एका खोलीच्या छतातून पाणी गळायचं. झिपऱ्या म्हणायचा, पाण्याचं काम करणाऱ्यांना पाणी घरपोच मिळतंय. तीन वर्षांत त्यांनी कपाटाचा डबा केला. जेवणाचा मोठा डबा असतो तेवढाच. ड्रोनच्या पोटाखाली बांधला की उडत जायचा.

डब्याची परीक्षा नदीच्या मुखाशी होती. तिथे समुद्रात शिरताना वाळूचा एक दांडा आडवा पडलेला. तो दरवर्षी कूस बदलायचा आणि मासेमारीच्या बोटी त्यावर अडकायची भीती असायची. बंदर कचेरीला त्या दांड्याचा नकाशा हवा होता. अट एकच. कचेरीच्या वह्यांत जी मापं आहेत, त्यांच्याशी डब्याची मापं बोट-दोन बोटांच्या फरकाने जुळली पाहिजेत.

आणि त्या वह्या आप्पांच्या होत्या.

आप्पा बंदर कचेरीत मापारी होते. चाळीस वर्षं त्यांनी त्या दांड्यावरचं पाणी काठीने मोजलं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी, एक पट्टा एक वीत. होडीतून काठी उभी सोडायची, तळाला टेकली की किती पट्टे बुडाले ते मोठ्याने सांगायचं, सोबतच्या माणसाने लिहायचं. सकाळी पहिलं माप घेण्याआधी आप्पा पाण्याला हात लावून कपाळाला लावत, हा त्यांचा नेम. एक दिवस चुकला नाही, एक पान कोरं राहिलं नाही. त्यांच्या वह्या कचेरीत काचेच्या कपाटात ठेवल्या होत्या. बापाच्या वह्यांनी लेकीच्या यंत्राची परीक्षा घ्यायची, याचं ठकीला इतकं भरून आलं होतं की सरांना तिने ते एकाच दिवशी दोनदा सांगितलं.

डबा उडाला. भरती-ओहोटीचा हिशेब धरून, वाळू फारशी न हलणाऱ्या तीनशे जागी मोजून आला. आणि तीनशेच्या तीनशे ठिकाणी वह्यांपेक्षा एक वीत जास्त पाणी सांगू लागला. कुठे कमी, कुठे जास्त असं असतं तर गोष्ट वेगळी. सगळीकडे एकच वीत.

“माझ्या केबलची लांबी बघतो,” झिपऱ्या म्हणाला. वितीभर पाण्यात जाऊन यायला उजेडाला सेकंदाचे दोन अब्जांश लागतात. हातभर केबल जास्त झाली तरी तेवढा फरक पडतो. त्याने केबल बदलल्या. वीत तिथेच. डोळ्यांची अदलाबदल केली. वीत तिथेच. प्रयोगशाळेतल्या टाकीत मोजलं तर माप बरोबर, नदीवर नेलं की वीत जास्त. आप्पा तेव्हा निवृत्त झाले होते आणि गुडघ्याने जायबंदी, म्हणून ठकीने कचेरीतल्या नव्या मापाऱ्याची त्याच महिन्यातली वही आणून ताडून पाहिली. तीही आप्पांच्याच बाजूने. दोन वेगळे साक्षीदार एकच सांगत होते.

एकदा झिपऱ्या स्वतः पाण्यात उतरला आणि पोलादी टेपने दोन जागा मोजून आला. टेप डब्याच्या बाजूने बोलली.

“बघ,” सर म्हणाले.

“सर, प्रवाहात टेप तिरकी होते. तिरक्या टेपला पाणी जास्तच दिसणार,” ठकी म्हणाली.

“बरोबर वितीभर? दोन्ही ठिकाणी?”

“चाळीस वर्षांच्या वह्या एका बाजूला आणि दोन जागची टेप एका बाजूला,” ठकी म्हणाली. “तुम्हीच सांगा सर, कुणावर विश्वास ठेवायचा?”

सरांनी टेप गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, “तुझा विश्वास कुणावर आहे?”

तिने आप्पांची वही पुढे ओढली. तेच उत्तर झालं.

तिने कारणही शोधून काढलं. नदीचं पाणी गढूळ. गढूळ पाण्यात उजेड कणाकणाला ठेचकाळत जातो, त्याची वाट लांबते, म्हणून पाणी खोल दिसतं. पटण्यासारखं होतं. झिपऱ्याला पटलं, कचेरीला पटलं. सर म्हणाले, “मला जे समजलेलं नाही ते मी वजा करणार नाही.” पण मुदत संपत आली होती. शेवटी झिपऱ्याने प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली, आलेल्या मापातून एक वीत वजा. त्यानंतर डबा आणि वह्या अशा जुळल्या की कचेरीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांना मात्र एक निवेदन लिहावं लागलं, कारण त्यांचा शोध जगभरच्या लोकांनी वाचला होता. ‘गढूळ पाण्यात या पद्धतीने खोली वीतभर जास्त दिसते. कारण अद्याप कळलेले नाही. हा पद्धतीचा दोष समजावा.’ खाली सही. ठकीनेच टंकून दिलं होतं.

त्यानंतर सर मागच्या खोल्यांत कमी येऊ लागले. आले तरी खुर्चीच्या कडेवर बसत, परक्याच्या घरी बसावं तसे. चार महिन्यांनी एका दुपारी ते घरीच गेले. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

ते गेल्यानंतर सहाव्या आठवड्यात कचेरीचं पत्र आलं. डबा कायमचा घेण्याआधी शेवटची खात्री म्हणून दहा जागा पुन्हा मोजाव्यात. जुन्या मापाऱ्यांचा गुडघा आता बरा असल्याचे कळते, तरी त्यांच्याच हातून मोजल्यास उत्तम.

आप्पा ते पत्र दिवसभर खिशात घेऊन फिरले. आईला दोनदा वाचून दाखवलं.

“आता गुडघ्याने होडीत चढणार, आणि उतरवायला कोण, कचेरी येणार का?” आई म्हणाली, पण तिनेच त्यांचा जाड सदरा काढून ठेवला.

ठकी आप्पांबरोबर होडीत पहिल्यांदाच बसत होती. लहानपणी आई दांड्याकडे जाऊ द्यायची नाही, आणि मोठेपणी तिला वेळ नव्हता. बापाच्या वह्या तिने डोळ्यांनी झिजवल्या होत्या. बापाला मोजताना कधी पाहिलं नव्हतं. नावाडी आप्पांच्याच वयाचा, जुना सोबती. आप्पांनी पाण्याला हात लावून कपाळाला लावला आणि काठी सोडली.

“आठ पट्टे, तीन बोटं.”

ठकीने लिहिलं. पुढची जागा. “सात पट्टे, दोन बोटं.” लिहिलं. आप्पांचा आवाज तिने इतका खणखणीत कधी ऐकला नव्हता. घरी ते पुटपुटत बोलायचे. तिसऱ्या जागी ऊन समोरून येत होतं. आप्पा म्हणाले, “सहा पट्टे पुरे,” आणि काठी वर काढली. ओली काठी उन्हात चमकली, आणि ठकीची नजर सहज ओल जिथे संपत होती तिथे गेली. लाल, पांढरा, लाल, पांढरा, लाल, पांढरा, लाल.

सात.

तिला वाटलं आपण चुकलो. तिने पुन्हा मोजले.

“आप्पा, किती म्हणालात?”

“सहा पुरे.”

“ओले सात आहेत.”

“हो, सात आहेत.”

“मग सहा का म्हणालात?”

आप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही पोरीने विचारावं, ताटावर बसण्याआधी हात का धुतले. “वीत सोडायची ना.”

“कसली वीत?”

“अगं, पाण्याची. बुडतात त्यातली एक सोडून सांगायची. सात बुडाले तर सहा.”

“कुणी सांगितलं असं?”

“त्यात सांगायचं काय?” आप्पा म्हणाले. मग नावाड्याकडे वळले. “ऐकलंस का, वीत कसली म्हणते.”

नावाडी हसला. “शिकलेल्यांना नसेल सोडावी लागत.”

ठकीच्या हातातलं पेन वहीवर टेकून राहिलं होतं, तिथे काळा ठिपका मोठा होत गेला. “सगळेच सोडतात?”

“सगळेच. माझ्या उस्तादाने सोडली, मी सोडली, आता तो नवा आलाय त्यालाही मीच शिकवलं. खरं पाणी सांगितलं की बोट चालवणारा तांडेल खाली बोटभर पाणी उरेपर्यंत माल भरतो, ठके. त्यांचं काय चुकतं, पोटाचा धंदा आहे. पण लाटेच्या खळग्यात बोट वीतभर खाली बसते. रात्रीतून वाळू सरकते. तेवढी एक वीत कुणीतरी आपल्या मुठीत ठेवायला नको? ती ठेवली म्हणून तर माझ्या चाळीस वर्षांत...” ते थांबले. लेकीचा चेहरा त्यांना दिसला होता. “काय झालं गं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “पुढची जागा घ्या.”

उरलेल्या सात जागा तिने आप्पा सांगतील तशा लिहिल्या, आणि प्रत्येक आकड्याशेजारी काठीवर दिसलेला आकडा बारीक अक्षरात लिहिला. धक्क्यावर झिपऱ्या वाट बघत होता. त्याने डब्याची मापं तिच्यासमोर धरली. “जुळली ताई. सगळी जुळली.”

“ती वजाबाकीची ओळ काढ,” ठकी म्हणाली, “आणि मग जुळव.” तिने त्याला बारीक अक्षरातले आकडे दाखवले.

तो दोनदा वर-खाली बघत गेला. मग खाली धक्क्याच्या दगडावर बसला.

घरी सांगणं त्याहून कठीण होतं. जेवणं झाल्यावर तिने आप्पांना सगळं सांगितलं. डबा खरं सांगत होता. सरांची पद्धत खरी होती. वीत पाण्यात नव्हती, उजेडात नव्हती, वहीत होती. आणि ती वजा करायला सरांना आपण भाग पाडलं, त्यांच्या सहीने त्यांच्याच शोधाला दोष लावला.

आप्पांना आधी उमगलंच नाही. “मग चांगलं झालं की. यंत्र खरं निघालं.”

“आप्पा, सर गेले. त्यांना वाटत राहिलं की आपलं चुकलं.”

आईने भांडी आवरता आवरता तोंड घातलं. “चाळीस वर्षं बोटी सुखरूप घरी आल्या ना? मग यांच्या वितीने कुणाचं काय बिघडवलं?”

“आई, तू थांब जरा.”

“थांबते. पण यांनी चोरी केलेली नाही.”

आप्पांनी आपलं ताट आईकडे सरकवलं. मग म्हणाले, “आता काय करणार तू?”

“लिहावं लागेल. कचेरीला, आणि सरांचं निवेदन जिथे छापून आलं तिथेही.”

“आप्पाच्या वह्या खोट्या, असं?”

“खोट्या नाही लिहिणार. वीत सोडलेल्या, असं लिहीन.”

“वाचणारा खोट्याच वाचेल,” आप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता. ते उठले, भिंतीला धरत आत गेले आणि दोन दिवस बोलले नाहीत. हाक मारली की हं म्हणत, वाढलं तेवढं खात. ठकीने दोन्ही रात्री देवापुढे बसून एकच मागितलं, की आप्पा आणि सर यांच्यापैकी एकाला दुखावल्याशिवाय दुसऱ्याला न्याय देता येईल अशी काही वाट दाखव. वाट काही दिसली नाही.

तिसऱ्या दिवशी ती सरांच्या घरी गेली. सरांच्या पत्नीला, काकूंना, आधी सांगायला हवं होतं. त्यांनी ते छापून आलेलं वाचावं हे बरं नव्हतं.

काकूंनी दार उघडलं, तिला बसवलं आणि ती काही बोलायच्या आत म्हणाल्या, “बरं झालं आलीस. गच्चीतलं ते पिंप नेणार का? मला हलवत नाही.”

गच्चीत कोपऱ्यात एक निळं पिंप होतं, छातीएवढ्या उंचीचं. वर लाकडी चौकट ठोकलेली आणि तिच्यावर सरांचं जुनं टेबलावरचं यंत्र, दोरीने आवळून बांधलेलं. पिंपात पाणी अर्ध्यावर उतरलं होतं आणि तळाशी गाळ बसला होता.

“नदीचं पाणी आहे,” काकू म्हणाल्या. “कॅन घेऊन बसने जायचे. आठवड्यातून दोनदा. मी म्हटलं या वयात हे काय, तर म्हणाले, झाडं लावणार आहे. मला खरंच वाटलं. दोन महिने मी रोपांची वाट बघत होते.”

चौकटीला दोऱ्याने एक वही बांधली होती. ठकीने ती उघडली. प्रत्येक पानावर तारीख, पाणी किती गढूळ, पट्टीने मोजलेली खोली, उजेडाने मोजलेली खोली, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द. जुळलं. जुळलं. जुळलं. एक्केचाळीस दिवस. सरांनी पाण्यात माती कालवून पाहिली होती, मीठ घालून पाहिलं होतं, पंख्याने लाटा उठवून पाहिल्या होत्या. शेवटच्या पानावर त्यांचं ते ओळीत न राहणारं अक्षर होतं. ‘दोष सापडत नाही. म्हणजे दोष माझ्या समजुतीतच असला पाहिजे. वय झालं असेल.’

ठकी गच्चीच्या फरशीवर खाली बसली.

“मिळाला का?” काकूंनी विचारलं. “शेवटी शेवटी तेच एक धरून बसले होते, दोष कुठे आहे. त्यात काही लिहिलंय का, कुठे होता दोष?”

“नव्हता, काकू.”

मग तिने सांगितलं. वहीतली वीत, आप्पांचा उस्ताद, लाटेतला खळगा, स्वतः टंकलेलं निवेदन. काहीही लपवलं नाही. काकूंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं संपल्यावर त्या पिंपाच्या काठावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“हे यांना आधी कळायला हवं होतं गं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“तुझ्यावर रागावले नव्हते हो. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. स्वतःवरच चिडायचे. चहात साखर घातली की नाही हे मला विचारायला लागले होते, इतका स्वतःवरचा भरवसा गेला होता.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “यांना एकदा तुझ्या वडिलांबरोबर होडीत बसायचं होतं. मोजतात कसे ते बघायचं होतं. तुला म्हणाले होते ना?”

“म्हणाले होते.”

“तू म्हणालीस, गुडघा दुखतोय.”

“दुखत होता काकू.”

“सहा महिने?”

गुडघा दुखत होता, पण आप्पांना धक्क्यावर बसून सरांशी दोन गोष्टी बोलता आल्या असत्या. तिनेच नेलं नव्हतं. सर काहीतरी शिकवायला लागतील, आप्पा अवघडून जातील, नाहीतर आप्पा तेच ते किस्से सांगत बसतील आणि सर मनात हसतील, असं तिला वाटलं होतं. दोघांची तिला दोन बाजूंनी लाज वाटली होती. चहाच्या एका कपात उलगडलं असतं सगळं. आप्पा म्हणाले असते, वीत सोडायची ना. आणि सर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले असते.

“वडिलांना कळलंय?” काकूंनी विचारलं.

“सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत.”

“त्यांना जप,” काकू म्हणाल्या. “यांच्यासारखं एकट्याला शोधत बसू देऊ नकोस.”

त्या दिवशी घरी आल्यावर ठकीने ती वही आप्पांपुढे ठेवली. शेवटचा रकाना वाचून दाखवला, आणि शेवटचं पानही. सरांना होडीत बसायचं होतं, आणि आपणच ते टाळलं, हेही सांगितलं. आप्पांनी पानं उलटली. कुणी एक दिवस न चुकवता वही लिहावी म्हणजे काय, ते त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

“एक्केचाळीस,” ते म्हणाले. “एकही खाडा नाही.” आणि थोड्या वेळाने, “नुसतं पत्र लिहून कोण मानेल? पुन्हा मोजावं लागेल. कचेरीच्या माणसादेखत. काठी मी धरतो.”

आईने जाड सदरा पुन्हा काढून ठेवला.

आठवड्याभराने होडी पुन्हा दांड्यावर गेली. या वेळी कचेरीतली एक बाई वही घेऊन सोबत होती. झिपऱ्या धक्क्यावरून डबा उडवत होता. वजाबाकीची ओळ काढून टाकली होती. आप्पांनी पाण्याला हात लावला, कपाळाला लावला आणि काठी सोडली. तळ लागला. पाणी कुठे टेकतंय ते त्यांनी वाकून पाहिलं. आठ पट्टे आणि वर एक बोट. नीट पाहिलं, ओठ हलवून मोजलंही.

“सात पट्टे, एक बोट,” ते म्हणाले.

कचेरीतल्या बाईने पेन उचललं. ठकीने हात आडवा धरला. आप्पांना आपलंच बोलणं ऐकू आलं होतं.

“थांबा हं,” ते म्हणाले. पुन्हा वाकले. पुन्हा ओठ हलवले. तोंड उघडलं आणि या वेळी काहीच बाहेर आलं नाही. मानेची शीर तटतटली होती. नावाड्याने नजर दुसरीकडे वळवली.

“नाही जमत गं,” आप्पा म्हणाले. “खरं सांगायला गेलं की वाटतं, कुणीतरी बोट घालतंय दांड्यावर. तू वाच. मी धरतो.”

मग तसंच केलं. आप्पा काठी उभी धरत, तोंड समुद्राकडे करून. ठकी वाकून वाची आणि मोठ्याने सांगे. आठ पट्टे, एक बोट. नऊ पट्टे पुरे. सात पट्टे, तीन बोटं. प्रत्येक खऱ्या आकड्याला आप्पांच्या खांद्यात एक बारीक कंप यायचा, वल्ह्याला खालून काही घासून जावं तसा. धक्क्यावरून फोनवर झिपऱ्याचा आवाज येई, डब्याने काय सांगितलं ते. पहिल्या दोन-तीन वेळा तो पुढे ‘जुळलं’ असंही म्हणाला. नंतर नुसता आकडाच सांगू लागला.

तीस जागा झाल्या. बोटभराचाही फरक कुठे नव्हता. कचेरीतल्या बाईने वही पुढे केली. वाचणारी म्हणून ठकीने सही केली. काठी धरणारा म्हणून आप्पांनी केली, आणि त्याखाली न सांगता, सावकाश, पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर लावत लिहिलं, ‘माझ्या याआधीच्या सर्व वह्यांत प्रत्येक मापाला एक वीत मिळवून वाचावी.’ बाईने ते वाचलं आणि वही मिटली.

नावाड्याने होडी वळवली. ठकीला वाटलं होतं की आज काहीतरी हलकं वाटेल. सरांचं नाव धुऊन निघणार होतं, छापून येणार होतं, लोक वाचणार होते. तिने पाण्याकडे पाहिलं. गढूळ, पिवळसर, तळ कुठेच दिसत नव्हता.

आप्पा काठी मांडीवर आडवी घेऊन बसले होते.

“तुझे सर उंच होते का गं?” त्यांनी विचारलं.

“नाही. माझ्याएवढेच.”

आप्पांनी आपल्या शेजारची फळी हाताने चाचपली. तिच्यावर पाणी साचलं होतं, ते तळहाताने निपटून काढलं.

“मग इथे मावले असते,” ते म्हणाले.